मिर्लान येतोय म्हणे

असिलकान अंगणात सफरचंदाच्या फोडी करत बसली होती, तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं आणि "सुयुंचू! सुयुंचू!" अशी आरोळी आली. तिच्या हातातला चाकू होता तिथंच थांबला. या घरात ही आरोळी ऐकू आल्याला किती वर्षं झाली, हे तिला मोजावं लागलं नाही. सहा.

आमच्या तेरेक-सू गावात चांगली बातमी फुकट मिळत नाही. ती आणणारा आधी दारातूनच 'सुयुंचू' म्हणून ओरडतो, घरच्याकडून भेट कबूल करून घेतो आणि मगच तोंड उघडतो. मुलगा झाला, हरवलेली गाय सापडली, पोरगी पास झाली, सगळ्याला सुयुंचू. मात्र ती पहिल्याच माणसाला. दुसरा आला तर त्याला नुसतं 'कळलं हो' ऐकून परत जावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे आनंदाची बातमी कधी चालत येत नाही, धावतच येते.

धावत आली होती ती जिपारा. समोरच्या दुकानाची मालकीण. वय चाळीस, वजन विचारू नये. नुसता रस्ता ओलांडून यायचं, तरी तिला धाप लागली होती.

"आपा, आधी सुयुंचू!"

"दिली, पोरी, दिली. बोल तू."

"काय देणार ते सांगा. मागच्या खेपेला एक जण 'काय हवं ते दिलं' म्हणाला आणि त्यानं पाव किलो मनुका हातावर ठेवल्या."

असिलकानच्या घरात देण्यासारखं फार काही नव्हतं. पेटीच्या तळाशी एक पांढरी लोकरी शाल होती, तिनंच विणलेली, येणाऱ्या सुनेसाठी ठेवलेली. सून अजून यायची होती, शाल मात्र अकरा वर्षांची झाली होती.

"पांढरी शाल," असिलकान म्हणाली.

जिपाराने छातीवर हात ठेवला, श्वास घेतला आणि म्हणाली, "मिर्लान येतोय!"

मिर्लान हा असिलकानचा एकुलता एक मुलगा. रशियात येकातेरिनबुर्गला एका शीतगोदामात खोकी उचलायचा. जाताना एक वर्षाचं सांगून गेला होता. पहिल्या वर्षी रोज फोन, दुसऱ्या वर्षी दर रविवारी, आता रविवाराआड एक रविवार. "बरी आहेस?" "बरी आहे. तू?" "बरा आहे. गाय कशी आहे?" "बरी आहे." गाय असिलकानने तीन वर्षांपूर्वी विकली होती, पण गाय काढून टाकली तर फोनवर बोलायला उरतं काय, म्हणून तिने ती बोलण्यापुरती ठेवली होती.

"कोण म्हणालं? पुन्हा सांग," असिलकान म्हणाली.

ही तिची जुनी सवय. बत्तीस वर्षं ती गावच्या टेलिफोन ऑफिसात होती. गावात येणारा आणि गावातून जाणारा प्रत्येक फोन तिच्या हातून जायचा आणि निरोप लिहून घेताना ती समोरच्याला तो पुन्हा म्हणायला लावायची. 'कारिपा वारली' असा निरोप आला, की कोणती कारिपा, कुणाची कोण, किती वाजता, कुणी पाहिलं, एवढं विचारल्याशिवाय ती जागची उठायची नाही. एकदा तिच्या या चौकशीमुळे एक कारिपा चक्क जिवंत निघाली होती. त्या दिवसांत ऑफिसच्या बाकावर सकाळपासून माणसं बसलेली असायची, फोनसाठी थोडी, गप्पांसाठी जास्त. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला, ऑफिसला कुलूप लागलं आणि असिलकानकडे यायचं कुणाला कारणच उरलं नाही.

"कोण म्हणालं म्हणजे काय? ग्रुपवर आलंय!" जिपाराने फोन पुढे केला. "हे बघा, फोटोसकट!"

'तेरेक-सू, आपलं गाव' नावाचा तो ग्रुप. गावात माणसं तीनशे, ग्रुपमध्ये चारशे बारा. जी गाव सोडून गेली ती ग्रुप सोडत नाहीत. जिपारा त्या ग्रुपची प्रमुख होती आणि दुकानापेक्षा ते काम तिला जास्त मानाचं वाटायचं.

असिलकानने हात पुसले, चष्मा लावला. फोटोत मिर्लान गावच्या बसथांब्यावर उभा होता. खांद्याला निळी बॅग, अंगात राखी स्वेटर, तोंडभर हसू. खाली प्रवासाला निघालेल्याला देतात तो आशीर्वाद होता, 'वाट पांढरी होवो, मिर्लान!' आणि त्याच्याखाली एकशे सोळा जणांनी आनंदाची चित्रं डकवली होती. कुणी लिहिलं होतं, 'आपलं पाखरू घरी निघालं.' कुणी विचारलं होतं, 'कधी पोचतोय?' आणि कुणी उत्तरही दिलं होतं, 'आज संध्याकाळी.'

"जरा मोठा करून दाखव," असिलकान म्हणाली.

जिपाराने दोन बोटांनी फोटो मोठा केला. असिलकान त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा काढला, डोक्याच्या रुमालानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

"रडताय होय आपा?"

"नाही गं. चहा घेशील?"

एरवी जिपाराला बसायला वेळ नसायचा. पोस्टमनसारखी ती दारातूनच काय ते देऊन पळायची. आज मात्र ती शाल खांद्यावर टाकून ऐसपैस बसली. दोन वाट्या चहा प्यायली, जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी अर्धी केली आणि बसल्या बसल्या तिघींना फोन करून बोलावून घेतलं. तिघी आल्या, त्यांच्याबरोबर दोघी आल्या. असिलकान फोडी करायच्या विसरून वाट्या विसळायला लागली.

अकराच्या सुमारास फाटकाबाहेर मिनीबस करकचून थांबली. मिनीबसवाला कुबात कराकोल शहराची फेरी करून आला होता. हाही ओरडतच आत शिरला, "सुयुंचू, आपा!"

"झाली सुयुंचू देऊन," जिपाराने शालीचं टोक ओढून घेतलं. "मला मिळाली."

कुबात थबकला. सत्तर किलोमीटर गाडी हाणत आलेला माणूस, तो हात हलवत कसा परत जाणार? "तू काय सांगितलंस?"

"मिर्लान येतोय."

"एवढंच?" कुबातचा चेहरा उजळला. "मग माझी बातमी वेगळीच आहे. आपा, तो एकटा येत नाहीये! बायकोला घेऊन येतोय!"

बायकांनी एकदम गलका केला. ही बातमी नवीन होती आणि नव्या बातमीला नवी सुयुंचू, हे कुणालाच नाकारता येत नव्हतं. असिलकानने कुबातकडे पाहिलं. कुबात लहानपणी मिर्लानबरोबर याच अंगणात वाढला होता. सहा वर्षांपूर्वी मिर्लानला बिश्केकपर्यंत सोडायला तोच गेला होता. तेव्हापासून दिवसातून चार वेळा तो याच फाटकावरून गाडी नेत होता आणि सहा वर्षांत आज पहिल्यांदा ती थांबली होती.

"टर्की घेऊन जा," असिलकान म्हणाली.

हा टर्की कोंबडा म्हणजे तिच्याखेरीज घरातला एकुलता एक रहिवासी. स्वभावानं वाईट, पण ती बोलायला लागली की मान वाकडी करून ऐकायचा आणि मधेच 'गुलगुलगुल' करून काहीतरी म्हणायचा. कुबातने त्याचे पाय बांधले, त्याला मिनीबसच्या मागच्या सीटखाली ढकललं आणि आत येऊन चहाला बसला.

बारा वाजता शार्शेन अक्साकाल आले. हे गावचे वडीलधारे, ब्याऐंशी वर्षांचे, भांडणं मिटवणाऱ्या पंचांचे प्रमुख. त्यांना धावता येत नव्हतं, म्हणून काठी टेकत सावकाश आले. पण फाटकातून ओरडायला काही त्यांनी कमी केलं नाही.

"सूनबाई, सुयुंचू!"

असिलकान एकाहत्तर वर्षांची होती; पण ती या गावात लग्न होऊन आली तेव्हा शार्शेन मोठे होते, त्यामुळे ती मरेपर्यंत सूनबाईच राहणार होती.

"अक्साकाल, मुलगा येतोय ते कळलं," जिपारा म्हणाली. "बायकोही कळली," कुबात म्हणाला.

शार्शेन यांनी दाढीवरून हात फिरवला. ते एवढे चालून आले होते, आणि म्हातारा माणूस रिकामा परत गेला तर गावाची शोभा ती काय? त्यांनी क्षणभर विचार केला. "आणि नातू?" ते म्हणाले. "नातवाचं कुणी बोललं का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच बोललं नव्हतं.

"तीन वर्षांचा आहे," शार्शेन म्हणाले आणि आपणच थोडे चकित झाल्यासारखे खाली बसले.

वडीलधाऱ्या माणसाला सुयुंचू द्यायची म्हणजे अंगावर चपान, मानाचा झगाच घालायला हवा. असिलकान आतल्या खोलीत गेली. तिथं तिच्या नवऱ्याचं मखमली चपान होतं, लांब, जांभळं, कडांना जरीची नक्षी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मिर्लान आला की त्याच्या अंगावर घालायचं, असं तिने ठरवलं होतं. ती ते हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली. बाहेर कुबात काहीतरी सांगत होता आणि सात-आठ माणसं एकदम हसली. असिलकानने चपान झटकलं, बाहेर आणलं आणि शार्शेनच्या खांद्यावर घातलं.

यानंतर मेंढीचा विषय निघणं अटळ होतं.

"नातू पहिल्यांदा घरी येणार आणि मेंढी नाही पडणार?" शार्शेन म्हणाले.

"एवढी घाई कशाला," असिलकान चाचरत म्हणाली. "आधी येऊ दे तरी..."

"आल्यावर कापणार आणि ती शिजेपर्यंत पोराला उपाशी ठेवणार? काय सूनबाई, लोक काय म्हणतील? फोन लाव त्याला, कुठवर आलाय विचार."

असिलकानने फोन लावला. सगळ्यांनी कान टवकारले. फोन बंद होता.

"बंदच असणार," कुबात म्हणाला. "कझाक माळरानावर आहे तो. तिथं रेंज कुठली?"

फोन लागला असता तर घोटाळा तिथंच संपला असता. पण तो लागला नाही हाच मिर्लान निघाल्याचा पक्का पुरावा ठरला. जिपाराने लगेच ग्रुपवर टाकलं, 'कझाक माळरान ओलांडतोय.' पाच मिनिटांत कुणीतरी मॉस्कोहून लिहिलं, 'काळी गाडी आहे. माझ्या मेव्हण्यानं पाहिली.'

दोन वाजेपर्यंत मेंढी कढईत होती. चुलीवर पिठाचे फुगीर बोर्सोक तळले जात होते, सोनेरी, ढीगच्या ढीग. कुणी साय आणली, कुणी शेजारून आणखी सतरंज्या आणल्या. शार्शेन खोलीच्या वरच्या बाजूला मानाच्या जागी, शेगडीजवळ बसले होते. मखमली चपानात त्यांना दरदरून घाम फुटला होता, पण सुयुंचूचं चपान त्याच दिवशी उतरवणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, म्हणून ते सगळ्यांकडे बघून मानानं घामेजत होते.

असिलकान पीठ आणायच्या निमित्तानं कोठीत गेली आणि पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. भिंतीपलीकडे तिचं घर बोलत होतं. भांडी वाजत होती, बायका एकमेकींना टोमणे मारत होत्या, कुणीतरी तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगत होतं, तो एकदा तळ्यात होडी उलटून कसा टोपी वाचवत पोहत आला होता ते. ती गोष्ट तिने शेवटची कधी ऐकली होती? दुपारी दोन वाजता या घरात एरवी फक्त घड्याळ ऐकू येतं. तिला इतकं बरं वाटत होतं की रडू येत होतं. तिने दोनदा मनाशी ठरवलं की आता बाहेर जाऊन बोलायचं. दोन्ही वेळा आतून कुणीतरी हाक मारली, "आपा, मीठ कुठाय?" आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी तिला मीठ कुठं आहे ते विचारत होतं.

पाच वाजले. सहा वाजायला आले. मांस शिजून हाडं सोडायला लागलं. मुलं-माणसं रस्त्यावर जाऊन बघून आली. संध्याकाळची फेरी करून कुबात परतला, तो एकटाच.

"रस्त्यावर काळी गाडी काय, काळं कुत्रंही नाही," तो म्हणाला. "बोकोनबायेवोपर्यंत प्रत्येक थांब्यावर विचारलं."

शार्शेन यांनी काठी आपटली. पंच म्हणून त्यांच्या अंगात वारं शिरलं. "थांबा. पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"ग्रुप," जिपारा म्हणाली.

"ग्रुपला तोंड असतं का? माणूस सांग."

जिपाराने फोनमध्ये अंगठा घासत घासत वर नेला. सकाळपर्यंत गेली, पहाटेपर्यंत गेली आणि थांबली. "हा फोटो पहिल्यांदा टाकला..." तिने मान वर केली. "कुबात, तूच टाकलायस!"

"मी?" कुबात उडालाच. "मी कशाला टाकू? मला तर कराकोलच्या स्टँडवर कळलं! गाडीतले सगळे तेच बोलत होते!"

"हे बघ की. सकाळी सहा वाजून चार मिनिटं. खाली तुझंच नाव. 'वाट पांढरी होवो, मिर्लान.'"

कुबातने फोन हातात घेतला. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. "हां," तो म्हणाला. "म्हणजे... सकाळी गाडी तापवत बसलो होतो. फोनच आपणहून दाखवतो ना कधी कधी, या दिवशी अमुक वर्षांपूर्वी म्हणून. तर हा आला. मला आपलं बरं वाटलं. दिलं ढकलून ग्रुपवर. खाली मीच तेव्हा लिहिलेलं होतं ते तसंच गेलं. मग विसरलो."

"स्वतःच टाकलास, विसरलास, आणि तेच ऐकून सुयुंचू मागायला आलास?"

"सगळेच म्हणत होते, अक्साकाल! इतकी माणसं म्हणतायत म्हटल्यावर मला वाटलं, हा दुसरा फोटो असेल!"

"आणि बायको?"

"सहा वर्षं झाली. एवढा देखणा गडी, एकटा थोडाच येईल, असं मी म्हणालो... म्हणजे स्टँडवर कुणीतरी म्हणालं... बहुतेक मीच." कुबातने पटकन विषय पुढे ढकलला. "पण नातू कुणी आणला, अक्साकाल?"

शार्शेन यांनी घाम पुसला. "बायको आहे म्हटल्यावर नातू असणारच," ते म्हणाले. "ती चूक नव्हे, तो हिशेब होता."

तोवर फोन हातोहात फिरत होता. कुणीतरी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणालं, "अरे, मिर्लानच्या मागं चिनाराचं झाड दिसतंय."

बसथांब्यावरचा तो चिनार रस्ता रुंद करताना चार वर्षांपूर्वी पाडला होता. सगळ्या गावानं उभं राहून पाहिला होता तो पडताना. त्याच्या फळ्यांचं दार कुबातच्या गोठ्याला होतं आणि तो ते रोज दोन वेळा उघडत होता. हा मिर्लान गावी येताना काढलेला फोटो नव्हताच. तो गाव सोडून जातानाचा होता. चारशे बारा माणसांनी दिवसभर जाणाऱ्या माणसाला येणारा समजून आनंद केला होता.

आणि मग एकेक करून सगळ्यांची नजर असिलकानकडे वळली.

"आपा," जिपारा हळूच म्हणाली. "सकाळी तुम्ही हा फोटो मोठा करून पाहिलात. चष्मा पुसून पाहिलात."

"पाहिला."

"मग झाड दिसलं नाही?"

"झाड कशाला," असिलकान म्हणाली. "ते स्वेटर मी विणलंय. ती निळी बॅग मी भरलीय. फोटो काढला तेव्हा मी कुबातच्या शेजारी उभी होते. माझा पोरगा जाताना कसा हसला, ते मला फोटोवरून कळायला हवं होय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" कुबातचा आवाज चिरकला. "आणि तरी टर्की दिलात?"

"आणि चपान?" शार्शेन म्हणाले.

"दिलं," असिलकान म्हणाली. "तुम्ही बसलात ना दिवसभर. सहा वर्षांत या दारात कुणी सुयुंचू म्हणून ओरडलं नाही. सुयुंचू सोडा, कुणी शिव्या द्यायलासुद्धा आलं नाही. जिपारा सकाळी बसली, म्हटलं एक चहा होऊ दे, मग सांगते. मग कुबात आला. मग तुम्ही आलात. मग म्हटलं, जेवण होऊ दे. मला ते खोटं पाडता येत होतं, पण घर भरलं होतं हो. ते नाही मला मोडवलं."

कढईत मेंढी रटरटत होती. शेवटी शार्शेन यांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "वाढा. मांसाचा काय गुन्हा?"

जेवण झालं, आणि चांगलं झालं. जेवल्यावर शार्शेन यांनी निवाडा दिला. खोट्या बातमीची सुयुंचू ही सुयुंचूच नव्हे, तेव्हा ज्यानं जे घेतलं ते परत. आणि यापुढे गावात नियम. "ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल त्यालाच सुयुंचू. नुसतं ऐकलं असेल, वाचलं असेल, फोनवर आलं असेल, तर त्याला फक्त चहा. कुणी असो. मी असलो तरी."

"आणि आणणाऱ्याला विचारायचं," असिलकान म्हणाली. ती बत्तीस वर्षांची सवय काही सुटत नव्हती. "कुणी पाहिलं, कधी पाहिलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जिपाराने तिथल्या तिथं तो नियम ग्रुपच्या माथ्यावर लिहून ठेवला.

मग प्रत्येकानं आमच्या रीतीप्रमाणे उरलेल्या जेवणातला वाटा बांधून घेतला. जिपाराने शाल घडी करून दिली. शार्शेन यांनी चपान उतरवलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. कुबातने टर्की आणून सोडला; तो सीटखालून थेट बोकोनबायेवो फिरून आला होता आणि असिलकानकडे बघायलाही तयार नव्हता. शाल आली, चपान आलं, टर्की आला. मेंढी परत येण्यासारखी उरली नव्हती. आणि माणसं सगळी गेली.

नियम मात्र जोरात चालला. इतका, की दोन दिवसांत तो शेजारच्या गावात 'सरकारने सुयुंचूवर बंदी घातली' असा पोचला आणि तिथले दोन म्हातारे तक्रार द्यायला जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत जाऊन आले. आमच्या गावात गप्पा एकदम सुधारल्या. 'म्हणे' हा शब्द काढला की समोरचा विचारायचा, "कुणी पाहिलं?" आणि बोलणाऱ्याचं तोंड बंद. असिलकानच्या फाटकाला आठ दिवस कुणी हात लावला नाही. पूर्वी निदान एखादी चुकीची बातमी तरी वाट चुकून यायची, आता तीही येईना. कुबातची मिनीबस जाताना भोंगा वाजवायची, एवढंच काय ते नवीन.

पुढच्या रविवारी फोन वाजला.

"बरी आहेस, आई?"

"बरी आहे. तू?"

"बरा आहे." मग गायीची चौकशी आलीच नाही. "आई, मी आलो होतो म्हणे."

असिलकानने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी वाचलं सगळं. त्याच दिवशी. कामावरून सुटलो, फोन चालू केला तर पावणेचारशे निरोप. सगळे माझं अभिनंदन करतायत. मी गोदामाच्या पायरीवर बसून वाचत होतो, मी कुठवर पोचलोय ते. मग फोन करायची लाज वाटली."

"लाज कसली."

"मेंढी चांगली झाली होती?"

"मऊ झाली होती. तुझ्या वाटची मांडी कुबातनं खाल्ली."

मिर्लान हसला. मग हसायचा थांबला. "आई, मी किती दिवस राहणार, असं म्हणालो होतो?"

असिलकानने आठवून पाहिलं. बायको आली, नातू आला, काळी गाडी आली, पण दिवसभरात एवढ्या माणसांत हे कुणी बोललं नव्हतं. "ते कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"अठरा मार्चला निघतो," मिर्लान म्हणाला. "वसंताच्या सणाला घरी. एकवीस दिवस. रजा लिहून घेतलीय, आई. बायकोबियको कुणी नाही, मी एकटाच आहे."

यापूर्वी 'येतो' हे तो पुष्कळदा म्हणाला होता. तारीख कधी सांगितली नव्हती. असिलकानने त्याला दोनदा म्हणायला लावली, मग तिसऱ्यांदा उगाचच.

फोन ठेवला आणि ती उभी राहिली. बातमी छातीत मावत नव्हती. घरात ओरडून सांगायला कुणी नव्हतं. टर्कीला सांगितलं, तर त्याने पाठ फिरवली; तो अजून रागावलेला होता. असिलकानने पांढरी शाल डोक्यावरून घेतली, फाटक उघडं टाकलं आणि एकाहत्तर वर्षांची ती बाई रस्ता ओलांडून चक्क धावत गेली.

"सुयुंचू!" ती दुकानाच्या दारातून ओरडली. "जिपारा, सुयुंचू!"

जिपारा साखर मोजत होती. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. जिपाराचा हात आपसूक मागच्या फळीवरच्या चॉकलेटच्या डब्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"काय झालं, आपा?"

"मिर्लान येतोय! अठरा मार्च!"

जिपाराने गिऱ्हाइकांकडे पाहिलं, गिऱ्हाइकांनी जिपाराकडे पाहिलं. "कुणी पाहिलं?" एक गिऱ्हाईक म्हणालं.

"पाहिलं कुणी नाही," असिलकान म्हणाली. "त्यानं सांगितलं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"ऐकलंय," जिपारा म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण नियम तिनेच लिहिला होता. तिने डबा फळीवर नीट सरकवून ठेवला, काउंटरमागून स्टूल ओढलं, त्यावरची धूळ झटकली आणि किटली चालू केली. "ऐकलेल्याला चहा, आपा. बसा."

असिलकान बसली. चहा प्यायली. गिऱ्हाइकं आली-गेली, प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला तिने पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर ती दारात उभीच होती.

"काय आपा?"

"मिर्लान येतोय," असिलकान म्हणाली. "अजून ऐकलेलंच आहे."

जिपाराने किटली चालू केली.